एस्तेर सिस्टरचा हात

एस्तेर सिस्टरनी उजव्या हातात मोजा चढवला, बोटं दोनदा उघडमीट करून पाहिली आणि म्हणाल्या, "रेश्मा, हा घालून भाकरी थापली तर तिचीही नोंद होईल का गं?"

"होईल की मावशी. पण मग तो पट्टा रिबेकाताईंच्या पाठीवर भाकरी थापत बसेल."

"बसू दे. धपाटे खाऊनच मोठी झालीय ती."

रिबेका पलंगावर डाव्या कुशीला वळून पडली होती. तिला हसू आलं. सातवा महिना लागल्यापासून हसलं तरी बरगडीखाली कळ यायची.

मिरजेतल्या त्या प्रसूती केंद्रात ही त्यांची पंधरावी बैठक होती, आणि नोंदी घेणारी तंत्रज्ञ रेश्मा. बैठकीत काम एवढंच असे, की आईने मोजा घालून लेकीच्या पाठीवरून, कमरेवरून, खांद्यावरून हात फिरवायचा आणि मोज्याने त्या हाताचं वजन, ऊब, वेग, थांबणं, सगळं टिपून घ्यायचं. दुसऱ्या टोकाला होता 'सोबत' नावाचा पट्टा. दिसायला बाळंतिणीच्या पोटाला बांधतात त्या सुती पट्ट्यासारखाच, फक्त मागून माकडहाडापासून खांद्यापर्यंत रुंद, आणि आत मोहरीच्या दाण्याएवढ्या हजारो हवेच्या पिशव्या. त्या फुगायच्या, बसायच्या, कोमट व्हायच्या, आणि अंगावर एखाद्या ठरावीक माणसाचा हात फिरतोय असं वाटायचं. शिवाय पट्टा शिकायचा. कोणत्या स्पर्शाने या बाईची नाडी उतरते, श्वास लांबतो, हे तो दर वेळी बघून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच स्पर्श आधी काढायचा.

पहिली प्रसूती जिवावर बेतलेल्या बायकांसाठी हे केंद्र होतं. अशा बायका दुसऱ्यांदा दिवस राहिले की दवाखान्याच्या पायरीशी अडत, तपासण्या चुकवत. कळा सुरू झाल्या की भीतीनेच त्यांच्या कळा थांबत. केंद्राच्या प्रमुख डॉ. फरीदा मुजावर यांनी इथलं सगळं त्या भीतीचा विचार करून बसवलं होतं. फिनेलचा वास नव्हता. हिरवे पडदे नव्हते. यंत्रांच्या घंटाही काढून टाकल्या होत्या. भिंतीवर फक्त एक दिवा असे, हिरवा, पिवळा किंवा लाल. 'सोबत' बांधलेल्या बाईची नाडी थोडी चढली तर ती आधी भीतीच मानली जाई. ती उतरवायला पट्ट्याला काही मिनिटं दिली जात आणि मगच दिव्याचा रंग बदले. एरवी उगाचच धावपळ व्हायची, आणि धावपळ दिसली की बाई आणखी घाबरायची.

एस्तेर सिस्टरनी तळहाताचा खालचा भाग रिबेकाच्या माकडहाडाशी टेकवला आणि गोल फिरवत वर आणला. चाळीस वर्षं त्यांनी लेबर वॉर्डात हेच केलं होतं. मधलं बोट सांध्यात सुजलेलं होतं, ते जरा उचललेलं राही. तेही मोज्याने टिपलं. खांद्यापाशी येऊन हात थांबला आणि दोन बोटांनी दोनदा हलकेच टकटक केली.

"हे काय करता तुम्ही दर वेळी?" रेश्माने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"कुठं काय? ते होय. ते आपलं, गप्प बस म्हणायचं. उपासनेला बसलो की हिची बडबड सुरू. पाळकसाहेब प्रार्थना करतायत आणि ही विचारतेय, देवबाप्पा चहा पितो का. मग मी मागून अशी बोटं टेकवायची. की झालं. पुतळा."

"सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच आहे, मावशी. बघा ना. नाडी चौऱ्याण्णववरून एकदम शहात्तर."

रिबेकाने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. निळी रेघ पायरीवरून उतरावी तशी खाली आली होती. तिला आपल्याला शांत वाटतंय असं मुळीच वाटलं नव्हतं. पण रेघ खाली आली होती, आणि रेश्मा खूश होती, आणि आईही.

परतताना दोघी बिनचालक रिक्षात बसल्या. रिक्षा नळभागाच्या गल्ल्यांतून हळूहळू चालली होती. समोर चालकाची जागा रिकामी, ऐकायला कुणी नाही. आई बाहेर बघत होती.

"रिबू, जोईच्या वेळी…" ती म्हणाली आणि थांबली.

रिबेका वळली. थोरली लेक जोई जन्मल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत आईने हा विषय स्वतःहून काढला नव्हता.

"काय?"

"काही नाही. या वेळी सगळं नीट होईल. मी आहे ना." आणि तिने मोजा नसलेला, खरा हात रिबेकाच्या पाठीवर ठेवला. दोन बोटं टेकली, उचलली, पुन्हा टेकली.

रिबेकाच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, ते तिने गिळलं. कोपऱ्यावर आई उतरली. उद्या बोंबलाची चटणी आणते म्हणाली, आणि जोईला तिखट लागू देऊ नकोस म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरायला खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. शेजारच्या बाईंना दारातून ती नुसती बसलेली दिसली, मांडीवर फणी. झटका मेंदूत आला होता. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल.

---

दफनानंतर बाराव्या दिवशी डॉ. मुजावर स्वतः घरी आल्या. रिबेकाचा नवरा सुहास याने चहा केला. डॉक्टरांनी कप हातात घेतला.

"एस्तेर सिस्टरनी मला इंजेक्शन द्यायला शिकवलंय," त्या म्हणाल्या. "शिकाऊ होते तेव्हा. म्हणून हे विचारायला मीच आले. त्यांनी संमतीपत्रात लिहून ठेवलंय की आपल्यानंतरही नोंद वापरावी. पण कायद्याने तुमचीही परवानगी लागते. नको असेल तर सुहासच्या हाताची नोंद घेऊ. वेळ आहे."

"आईचाच राहू दे," रिबेका म्हणाली.

"विचार करा थोडा."

"केला."

खरं तर विचार असा केलाच नव्हता. जगात कुठेतरी तो हात अजून होता, एवढंच तिला कळत होतं.

पट्टा रोज तासभर घरी बांधायचा होता, म्हणजे त्याला तिची आणि तिला त्याची सवय राहणार होती. पहिल्या दिवशी दुपारी तिने तो बांधला आणि खिडकीशी उभी राहिली. थोडा वेळ काही झालं नाही. मग माकडहाडापाशी ऊब आली. तळहाताचा खालचा भाग टेकला आणि गोल फिरत वर सरकला. मधलं बोट उचललेलं होतं. तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या काचेत तिला तिच्या मागची खोली दिसत होती. पलंग, कपाट, जोईची खेळणी, आणि तिच्या मागे कुणीही नव्हतं. हात खांद्याशी येऊन थांबला.

ती महाविद्यालयात ग्रंथपाल होती. मेलेल्या माणसांचे शब्द रोज तिच्या हातून जात, त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण शब्द आपल्याला ओळखत नाहीत. हा हात तिला ओळखत होता.

आठवडाभराने एका दुपारी जोई तिला बिलगून बसली होती. बालवाडीत कुणी कुणाचा डबा खाल्ला, हे मोठ्या आवाजात चाललं होतं. बोलता बोलता जोईचं कोपर रिबेकाच्या पोटात रुतलं. "अगं, हळू" असं म्हणायला रिबेकाने श्वास घेतला, आणि ती म्हणायच्या आत पट्ट्यातून खांद्याशी टकटक झाली. जोईचा गाल नेमका तिथेच टेकलेला होता.

जोई वाक्याच्या मध्यावर थांबली. तिने गाल उचलला आणि पट्ट्याकडे पाहिलं.

"आजी गप्प बस म्हणते," ती म्हणाली. आणि डब्याची ती गोष्ट तिने पुढे सांगितलीच नाही.

रिबेकाने घाईघाईने पट्टा सोडला. रात्रीपर्यंत तो कपाटात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिने तो पुन्हा बांधला.

मग ती लक्ष ठेवू लागली. टकटक आता केव्हा होते, हे तिला कळायला दोन दिवस लागले. भीती वाटली की व्हायला हवी होती. पण ती होत होती बोलायच्या आधी. चहा झाला का, टॉवेल दे, असल्या बोलण्याला नाही. जे बोलायला आतून जोर लागतो, त्याला. संध्याकाळी जेवताना तिने मनाशी ठरवलं की सुहासला सांगायचं. जोईच्या वेळचं, आजवर कुणालाही न सांगितलेलं. तिने घास खाली ठेवला, श्वास घेतला.

टकटक.

श्वास तसाच खाली बसला. सुहास तिच्याकडे बघत होता.

"काय गं?"

"आमटीला मीठ कमी आहे का?"

"नाही. बरोबर आहे."

जे सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. जोईच्या वेळी ती रीतीप्रमाणे माहेरी आली होती, आणि माहेर म्हणजे आईचाच वॉर्ड. निवृत्तीला दोन महिने राहिलेल्या एस्तेर सिस्टरची लेक. सगळा वॉर्ड कौतुकाने येऊन बघून गेला. प्रसूती झाली, बाळ रडलं, आणि ड्युटीवरचे डॉक्टर "सिस्टर आहेतच जवळ" म्हणून दुसरीकडे गेले. त्यानंतर थोड्या वेळाने रिबेकाला आत काहीतरी भरत चाललंय असं वाटू लागलं. बाहेर रक्त नव्हतं. चादर स्वच्छ होती. आत मात्र दाब वाढत होता, दुखणं वाढत होतं, कानात गुंई आवाज येत होता. तिने आईला सांगायला तोंड उघडलं. आई दारातल्या कुणाशी बोलत होती. न वळताच तिने मागे हात केला आणि रिबेकाच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. हात मग तिथेच राहिला.

दोन तासांनी ती बेशुद्ध झाली तेव्हा सगळे धावले. योनीच्या भिंतीमागे रक्त साठत गेलं होतं. सात बाटल्या रक्त चढवलं, अकरा दिवस अतिदक्षता. जोईला तिने पहिल्यांदा हातात घेतलं ते तीन आठवड्यांनी, आणि तेव्हाही कुणाचं तरी बाळ घ्यावं तसं.

पुढच्या तपासणीला तिने पट्टा सोडून रेश्माच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ते टकटक करणं आहे ना, ते आता आधीच होतं. बरोबर?"

रेश्माने नोंदी उघडल्या. तिचे डोळे चमकले. "हो की. पहिल्या आठवड्यात तुमच्या छातीखालचा श्वासाचा पडदा ताणला गेला, की दोन सेकंदांनी व्हायचं. आता ताण यायच्या आधीच. म्हणजे तुम्ही घाबरणार, हे तुमच्याआधी त्याला कळतंय. असं कुणाचंच झालं नव्हतं, ताई. सिस्टरचा हात तो."

"घाबरतानाच तो पडदा ताणला जातो का? की बोलतानाही?"

"दोन्ही वेळा. पट्ट्याला काय फरक पडतो? त्याला शब्द कुठं कळतात. नाडी उतरली, की त्याचं काम झालं."

"तेवढी एकच सवय काढता येईल?"

"तेवढीच नाही येत. पंधरा बैठका मिळून एक हात तयार होतो. त्यातलं एक काढलं तर बाकीचं विस्कटतं, परत बसवायला लागतं. आणि परत बसवायचं तर…" ती थांबली. "मूळ माणूस लागतो."

डॉ. मुजावर तेवढ्यात आत आल्या. त्यांनी रिबेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"काही त्रास होतोय का? सांगा. सुहासचा हात तीन आठवड्यांत होईल. सिस्टरची नोंद मग नियमाप्रमाणे पुसावी लागेल, एकीसाठी एकच हात ठेवतो आम्ही. पण तुम्हाला त्रास असेल तर तो प्रश्नच नाही."

रिबेकाने टेबलाकडे पाहिलं. पट्टा तिथे घडी घालून ठेवलेला होता. त्याचा दिवा बंद होता. तरी तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकली, अगदी स्पष्ट, मधलं बोट उचललेलं.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

"इतकी शांत गरोदर बाई मी इथे पाहिली नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

---

अडतिसाव्या आठवड्यात, एका गुरुवारी पहाटे कळा सुरू झाल्या. नऊ वाजता ते केंद्रात पोचले. दारातून आत शिरताना रिबेका पायरीशी अडली नाही. लॉबी ओलांडताना छातीत धडधडलं नाही. हात तिच्या कमरेवर होता आणि तो तिला बरोबर घेऊन चालला होता. कळ आली की तो माकडहाड दाबून धरी, कळ ओसरली की वर सरके. त्या तीन तासांत कुणी तिला विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं की हा पट्टा ज्याने शोधला त्याचं भलं होवो. तिची आई तिच्याजवळ होती. त्याला दुसरा शब्द नव्हता.

बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना मुलगा झाला. रडला. वार पूर्ण पडली, गर्भाशय आवळलं, दोन टाके घातले. डॉ. मुजावर तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "झालं. संपलं सगळं. आता नुसतं पडून राहा." मग त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. तिथे दुसरी एक जण कळा देत होती. सुहासने बाळाला कापडात गुंडाळून छातीशी धरलं आणि खिडकीपाशी नेलं. बाहेर लख्ख ऊन होतं. रेश्मा कोपऱ्यात नोंदी करत बसली. भिंतीवर हिरवा दिवा.

साधारण वीस मिनिटांनी आत दाब जाणवला.

रिबेकाने स्वतःला सांगितलं की टाके आहेत, दुखणारच. दाब वाढला. बसायच्या जागी कुणी मूठ घालून ठेवावी तसा, आणि ती मूठ फुगतेय. तिने चादर चाचपली. कोरडी. तिला ते दुखणं ओळखू आलं. जुन्या घराच्या जिन्यात अंधारातही पायऱ्या कळतात, तशी त्याची प्रत्येक पायरी तिला माहीत होती. आता कानात आवाज येईल, मग बोटं गार पडतील.

तिने श्वास घेतला.

टकटक.

"किती शांत झोपलीय बघ तुझी आई," सुहास बाळाला सांगत होता.

नाडी चढत असणार. पडद्यावर ते दिसतही असणार. पण पडद्यालेखी ती भीती होती, आणि भीती उतरवायला पट्टा होता, आणि पट्टा आपलं काम करत होता. रक्तदाब अजून टिकून होता. तरुण शरीर बराच वेळ काही दाखवत नाही आणि मग एकदम कोसळतं, हे तिला आईनेच कधीतरी सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. कानात गुंई सुरू झालं. तिने पुन्हा श्वास घेतला. टकटक. पुन्हा. टकटक. आता ती बोटं थांबतच नव्हती, आणि दर टकटकीला तिच्या अंगातलं काहीतरी आज्ञाधारकपणे खाली बसत होतं. ते फार सोपं होतं. तसंच पडून राहिलं असतं तर कुणालाच त्रास झाला नसता.

खिडकीशी सुहासने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बाळ कुरकुरलं, आणि त्याने नकळत बाळाच्या पाठीवर थोपटायला हात उचलला.

"नको," रिबेका म्हणाली.

आवाज घोगरा होता. सुहास वळला.

"त्याला गप्प करू नकोस. रेश्मा, डॉक्टरांना बोलाव."

रेश्माने दिव्याकडे पाहिलं. "काय होतंय ताई? सगळं हिरवं आहे. जरा भीती वाटतेय तुम्हाला, नाडी किंचित…"

टकटक. टकटक.

"दिव्याकडे बघू नको. माझ्याकडे बघ. भीती नाही ही. आत रक्त साठतंय. मागच्या वेळी साठलं होतं तसंच. बोलाव त्यांना."

रेश्मा उठली तीच धावत. अर्ध्या मिनिटात डॉ. मुजावर आत होत्या. त्यांनी हातमोजे चढवले, तपासलं. त्यांचा चेहरा बदलला आणि लगेच पुन्हा नीट झाला.

"बरोबर आहे. डाव्या बाजूला. लिंबाएवढं असेल, वाढतंय. थिएटर तयार करा, रक्त मागवा. रिबेका, ऐका, आपल्याला वेळेत कळलंय. अजून दहा मिनिटं गेली असती तर मला असं म्हणता आलं नसतं. आत जायचं, उघडायचं, बांधायचं, परत यायचं. पट्टा काढा आधी यांचा."

रेश्माने पट्ट्याची कडी शोधली. ती पाठीखाली गेली होती. ट्रॉली आली, चौघांनी रिबेकाला उचलून तिच्यावर घेतलं, तरी कडी खालीच राहिली. ट्रॉली लॉबीतून निघाली. डोक्यावरून छताचे चौकोन मागे जात होते. सुहास बाळाला घेऊन शेजारून चालत होता. पाठीवर हात तसाच होता, कोमट, एक बोट उचललेला. थिएटरच्या दारात पट्टा सोडणार, आणि त्यानंतर तो हात कुठेच असणार नव्हता. पुन्हा बांधला तर तिला पुन्हा गप्प व्हावं लागेल, हे तिला आता पक्कं माहीत होतं, म्हणून ती तो पुन्हा बांधणार नव्हती.

"आई," ती म्हणाली.

टकटक.

"आई, जोईच्या वेळी मला कळत होतं."

"कुणाशी बोलतायत या?" ट्रॉली ढकलणाऱ्या बाईने विचारलं.

"बोलू दे त्यांना," डॉ. मुजावर म्हणाल्या.

"आत भरत चाललंय, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि तू बोटं टेकवलीस. मी गप्प बसले. तुझा वॉर्ड होता, तुझी माणसं होती, एस्तेर सिस्टरची मुलगी ओरडली असं कुणी म्हणायला नको होतं मला. मी मरायला लागले होते, आई, आणि तू दारातल्यांना सांगत होतीस, आमची रिबू एक शब्द बोलली नाही."

टकटक आता एकमेकींवर पडत होत्या, मोजता येत नव्हत्या. सुहास चालता चालता थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं.

"मी सगळ्यांना सांगितलं की माझा तुझ्यावर राग नाही. तुझ्या शवपेटीपाशी उभी राहूनही तेच सांगितलं. ते खरं नाही. राग आहे. तू रिक्षात काहीतरी सांगणार होतीस, आणि मीही सांगणार होते."

दार आलं. ट्रॉली थांबली. रेश्माने तिला अलगद एका कुशीला वळवलं, कडी हाताला लागली. रिबेकाने तिचं मनगट धरलं. थांबवण्यासाठी नाही, वाक्य पुरं होईपर्यंत. पाठीवर दोन बोटं चालूच होती, आणि ती त्यांच्यावरून बोलत राहिली.

"चाळीस वर्षं तू बायकांच्या अंगावर नुसता हात ठेवून आत काय चाललंय ते सांगायचीस. त्या दिवशी दोन तास तुझा हात माझ्यावर होता. त्याला कळलं नाही, की कळलं होतं?"